मेकअप लावला की चेहऱ्याची आग, ब्रँड बदलला तरी तेच: कारण कसं शोधायचं

मेकअप नुकताच सुरू केलेल्या मुलींची एक तक्रार वर्षभर कानावर येते, लग्नसराईत तर रोज. "ताई, फाउंडेशन लावलं की तोंड चुरचुरायलंय." दुसऱ्या दिवशी गालावर बारीक पुरळ, चार-आठ दिवसांत ते बसतं, परत लावलं की परत उठतं. मग ब्रँड बदलतात. दोनशेची ट्यूब टाकून आठशेची आणतात, तरी तेच. शेवटी "माझ्या स्किनला मेकअप सोसतच नाही" म्हणून सगळा डबा बहिणीला देऊन मोकळ्या होतात.

मी परभणीत पार्लर चालवते, त्यामुळे असे चेहरे रोज जवळून बघते. ब्रँड बदलून हा त्रास जात नाही, कारण त्रास देतो तो एखादा घटक, आणि तोच सुगंध किंवा तेच प्रिझर्व्हेटिव्ह (वस्तू खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन) स्वस्त आणि महाग अशा दोन्ही डब्यांत असू शकतं. पुष्कळदा तर मेकअपचा दोषच नसतो. नेमकं कारण सापडतं ते दोन प्रश्नांनी: लावल्यानंतर किती वेळाने त्रास झाला, आणि चेहऱ्यावर नेमका कुठे झाला. या दोन गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही. खरं तर मोबाईलमध्ये दोन ओळी आणि उजेडात काढलेला एक फोटो एवढंच पुरतं.

आत्ता चेहरा पेटलेला असेल तर

आधी सगळं बंद करा. फक्त नवीन फाउंडेशन नाही. फेसवॉश, स्क्रब, सीरम, टोनर, गुलाबपाणी, सगळं. साध्या गार पाण्याने चेहरा धुवा, टॉवेलने न घासता टिपून घ्या आणि साधी पांढरी पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर पातळ लावा. आग फार होत असेल तर स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट चेहऱ्यावर घासू नका. हळद, लिंबू, टूथपेस्ट, कोरफडीचा ताजा गर यातलं काहीही नको. कोरफड कापल्यावर पिवळसर चीक निघतो ना, त्याचीच कित्येकींना खाज सुटते.

ओठ किंवा डोळे सुजले, घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर हे वाचत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मेडिकलवरून "खाजेची ट्यूब" आणून चेहऱ्याला लावू नका. आपल्या मराठवाड्यात घरोघरी फ्रिजच्या दारात एक अर्धी पिळलेली ट्यूब असते, सासूच्या पायाच्या नायट्याला आणलेली, आणि तीच सुनेच्या गालाला लागते. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत पुरळ गायब होतं, चेहरा उजळलेला दिसतो, म्हणून लोकांना ते गोरं होण्याचं क्रीम वाटतं. काही महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते, आणि लावायचं थांबवलं की चेहरा असा पेटतो की साधं पाणीसुद्धा झोंबतं. 2018 मध्ये सरकारने ही मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून अनुसूची एचमध्ये टाकली ती याचमुळे. तरी ती काउंटरवर सहज मिळतात.

हे इतकं लांबवून सांगण्याचं कारण असं की "माझी स्किन फार सेन्सिटिव्ह आहे, कुठलाच मेकअप चालत नाही" म्हणणाऱ्या मुलीला मी पहिला प्रश्न हाच विचारते: आधी कुठलं गोरेपणाचं क्रीम लावत होतीस? पार्लरमधून सुट्ट्या डबीत मिळालेलं, नाव नसलेलं, नाइट क्रीम म्हणून दिलेलं? उत्तर हो असेल तर फाउंडेशनला दोष देण्यात अर्थ नाही. त्या चेहऱ्याला आज काहीही लावलं तरी झोंबणारच. असं क्रीम बरेच दिवस लावलं असेल तर ते एकदम बंद केल्यावर त्रास उसळतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच सोडायचं. नाव नसलेल्या क्रीममध्ये पारासुद्धा असू शकतो, आणि पारा मूत्रपिंडाला इजा करतो. मैत्रिणीने दिलं, मावशीने दिलं म्हणून असली डबी घरात ठेवू नका.

किती वेळाने झालं?

लावल्यावर काही सेकंदांत किंवा मिनिटांत चुरचुरलं आणि धुतल्यावर तास-दोन तासांत शांत झालं, तर बहुधा ती ॲलर्जी नसते. कातडीचं वरचं आवरण फाटलेलं, कोरडं झालेलं असतं आणि त्यातून अल्कोहोल, सुगंध, ॲसिड आत झोंबतात. आवरण दुरुस्त झालं की तीच वस्तू पुढे चालूही शकते.

खाज आणि पुरळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठलं, तर ॲलर्जीचा संशय धरा. अंगाला एखादा घटक ओळखून त्याच्यावर उलटायला साधारण 24 ते 72 तास लागतात, आणि इथेच सगळ्यांची गफलत होते. रविवारी लग्नात मेकअप केला, मंगळवारी पुरळ आलं, म्हणून मंगळवारी सकाळी लावलेल्या फेसवॉशवर खापर फुटतं. मागे जाऊन तीन दिवसांचं आठवायचं. "इतकी वर्षं हेच लावते, कधी काही झालं नाही" हा मुद्दा इथे चालत नाही. ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीही अचानक होते, आणि एकदा झाली की बहुतेक वेळा जन्मभर राहते.

दोन-तीन आठवड्यांनी खाज न येता बारीक दाणे, काळे-पांढरे टोकाचे, कपाळावर आणि हनुवटीवर आले, तर ती छिद्रं बुजल्याची लक्षणं. जाड क्रीम, केसाचं तेल, रात्री तसाच राहिलेला मेकअप ही त्याची कारणं.

उन्हात गेल्यावरच होतं, सावलीत होत नाही, असं असेल तर तेही लिहून ठेवा. डॉक्टरला त्यावरून बरंच कळतं.

इथे आपल्या रंगाबद्दल एक सांगायला हवं. इंटरनेटवरचे फोटो गोऱ्या कातडीचे असतात, त्यात लाल चट्टा लगेच दिसतो. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर लाली दिसतेच असं नाही. तिथे आधी कातडी गरम लागते, बोट फिरवलं की खरखरीत लागते, मग करडा-काळपट डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने राहतो. म्हणून आरशाइतकाच बोटांवर भरवसा ठेवा. लाल दिसलं नाही म्हणून काही झालंच नाही असं समजून लावत राहिलेल्या मुलींचेच डाग जास्त गडद होतात.

नेमकं कुठे?

पापण्यांपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त फसवणारी जागा तीच.

आमच्या भागातली एक मुलगी, बी.एस्सी.ला. तिच्या वरच्या पापण्या सुजायच्या, सोलायच्या, रात्री खाजवून खाजवून पाणी यायचं. तिने काजळ टाकलं, आयलायनर टाकलं, मस्कारा तर कधी घेतलाच नव्हता. दोन महिने डोळ्यांना काहीही न लावता पापण्या तशाच. मी तिला समोर बसवून बोलत होते आणि बोलता बोलता ती डोळा चोळत होती. नखांवर गडद मरून नेलपॉलिश, कडेला थोडं उडालेलं. मी म्हटलं, "आधी हे काढ आणि महिनाभर लावूच नको." काढताना तिनेच सांगितलं, दर शनिवारी लावते. पुढे त्वचारोगतज्ज्ञाने पाठीवर पट्ट्या चिकटवून टेस्ट केली तेव्हा नेलपॉलिशमधल्या रेझिनचीच, म्हणजे राळेसारख्या चिकट घटकाचीच, ॲलर्जी निघाली. बोटांना काही झालं नव्हतं, कारण नखाजवळची कातडी जाड असते. पापणीची कातडी अंगातली सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. दिवसभरात हात कितीदा डोळ्याला लागतो ते मोजून बघा.

पापण्यांना त्रास असेल तर काजळाआधी हे तपासा: नेलपॉलिश, केसांचा रंग, अंगावर फवारलेला परफ्यूम, पापण्या वळवायचा चिमटा. चिमट्याच्या मुलाम्यात निकेल असू शकतं, आणि त्या धातूची पुष्कळांना ॲलर्जी असते. सुरमा मात्र वापरूच नका, कितीही जुनी परंपरा असली तरी. पुष्कळ सुरम्यांमध्ये शिसं सापडतं. घरी दिव्यावर धरलेलं काजळही निर्जंतुक नसतं. नाजूक डोळ्यांना ते नको.

कपाळाच्या मधोमध, टिकलीच्या जागी खाज आणि गोल डाग असेल तर कारण चेहऱ्याच्या मेकअपमध्ये शोधू नका. टिकलीच्या डिंकात पीटीबीपी नावाचं रसायन असू शकतं. त्याने आधी खाज येते आणि काही जणींना तिथली कातडी पांढरी पडते. घरच्यांना ते कोड वाटतं, मुलगी घाबरून डाग झाकायला अजून मोठी टिकली लावते, आणि डाग अजून वाढतो. टिकली बंद करून लगेच डॉक्टरला दाखवा. बाजारच्या लाल कुंकवातल्या कृत्रिम रंगाने उलटं होतं, जागा काळपट पडते.

कपाळावर केसांच्या रेषेजवळ दाणे आले तर तेल. कानामागे, मानेच्या कडेला आणि जबड्याच्या रेषेवर खाज असेल तर शाम्पू किंवा केसांचा रंग, कारण धुताना पाणी त्याच वाटेने ओघळतं. कानाच्या पाळीला आणि गळ्यात गोल चट्टा असेल तर खोटे दागिने. ओठ फुटत असतील तर लिपस्टिकबरोबर टूथपेस्टही बदलून बघा. पुदिन्या-दालचिनीचा तिखट वास असलेली पेस्ट ओठांच्या कडा सोलते. फक्त दोन्ही गालांवर सारखा पट्टा असेल तर ब्लश किंवा तो लावायचा ब्रश. ब्रश, स्पंज शेवटचा कधी धुतला, हे विचारल्यावर बहुतेक मुली गप्प बसतात. आठवड्याला एकदा सौम्य शाम्पूने धुवायचा, उन्हात न ठेवता वाऱ्याला पूर्ण वाळवायचा. ओला स्पंज डबीत बंद केला की त्यात बुरशी धरते.

दोष मेकअपचा नाही, अशा वेळा

आपल्याकडचं पाणी. बोअरचं पाणी जिथे वापरतात तिथे बादलीला आणि गीझरला पांढरा थर चढलेला दिसतो. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साय होते, ती धुतली तरी कातडीवर राहते आणि कातडी ओढल्यासारखी होते. त्यात साबण अल्कधर्मी, पीएच नऊ-दहाच्या घरात. चेहऱ्याचा पीएच पाचच्या आसपास. अंगाच्या साबणाने दिवसातून तीनदा तोंड धुणाऱ्या मुलीचं आवरण मेकअपच्या आधीच गेलेलं असतं. साबण सोडून बिनसाबणाचा, कमी फेसाचा, बिनवासाचा क्लीन्झर घ्या. संध्याकाळी शेवटचं धुणं पेलाभर फिल्टरच्या किंवा जारच्या पाण्याने करा. टँकरच्या दिवसांत पाणी जपायचं असतं हे मला कळतं, पण एका पेल्यात चेहरा नीट निघतो. बऱ्याच जणींना एवढ्या एका बदलाने निम्मा आराम पडतो.

स्कार्फ. एप्रिल-मेमध्ये पारा बऱ्याचदा 42 च्या वर जातो आणि स्कूटीवर निघालेली प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळं तोंड बांधते. बांधायलाच हवं. पण स्कार्फ दिवसभर घामाने भिजतो, वाळतो, त्यात डिटर्जंट उरलेलं असतं, आणि तो गालावर, नाकावर घासत राहतो. खाली फाउंडेशन असेल तर घाम, पावडर आणि धूळ यांचा लेप तयार होतो. पांढरा किंवा फिक्या रंगाचा मऊ सुती स्कार्फ घ्या, रोज धुवा, दोनदा खळबळा. स्कूटीवर जायचं असेल तर घरून मेकअप करून निघू नका, पोचल्यावर करा.

आणि गाजर गवत. याबद्दल मुलींना कुणीच सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. हे गवत 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि आता आपल्याकडे बांधावर, रेल्वे रुळाकडेला, कॉलेजच्या मैदानात, रिकाम्या प्लॉटवर सगळीकडे आहे. पाऊस पडला की कमरेएवढं वाढतं, पांढऱ्या बारीक फुलांनी भरतं. त्यातलं पार्थेनिन नावाचं रसायन हवेतल्या कणांबरोबर चेहऱ्यावर बसतं. पापण्या, कानामागे, मानेच्या वळ्या, कोपराच्या खोबणीत खाज येते. म्हणजे मेकअप जिथे लावलाच नाही तिथेही. पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढते, शेतात खुरपायला किंवा कापूस वेचायला गेल्यावर वाढते, गावाबाहेर आठ दिवस राहिलं की कमी होते. असा नमुना दिसला तर मेकअपचा डबा टाकू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

त्यात एक गोम आहे. गाजर गवताची ॲलर्जी असलेल्यांना त्याच कुळातल्या वनस्पतीही त्रास देऊ शकतात: शेवंती, सूर्यफूल, कॅमोमाइल, कॅलेंडुला, अर्निका. शेवंतीचा गजरा आणि हार तर लगेच लक्षात येतो, पण कॅमोमाइल-कॅलेंडुला "सेन्सिटिव्ह स्किनसाठी, नैसर्गिक" म्हणून विकलेल्या क्रीममध्येच जास्त असतात. म्हणजे नाजूक त्वचेसाठी म्हणून घेतलेलं क्रीमच उलटतं. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे मनातून काढून टाका. बिब्बा नैसर्गिकच आहे, तो उतला की काय होतं हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

पुन्हा सुरुवात कशी करायची

त्रास शमल्यावर लगेच मेकअप नको. दोन ते चार आठवडे फक्त क्लीन्झर आणि मॉइश्चरायझर. वरची कातडी नव्याने यायला साधारण 28 दिवस लागतात, म्हणून हा वेळ. मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन, सेरामाइड किंवा पेट्रोलॅटम असलेलं बघा. आपल्याकडे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की ओठ, गाल तडकतात. तेव्हा जाडसर क्रीम लागतं. मे महिन्यात तेच क्रीम घामात तरंगतं, तेव्हा पातळ लोशन. वर्षभर एकच क्रीम चालवण्याचा हट्ट नको.

मग सनस्क्रीन, आणि तेही झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं. दुसऱ्या प्रकारच्या सनस्क्रीनमधले काही घटक घामाबरोबर डोळ्यांत उतरून झोंबतात. एसपीएफ 30 पुरे, पण दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं घ्यायचं आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत लावायचं. पांढरट थर दिसतो ही तक्रार खरी आहे, म्हणून रंगाची छटा असलेलं घ्या. त्यात आयर्न ऑक्साइड असतो, तो वांगाच्या डागांसाठीही उपयोगी. नव्या मुलींना मी मनापासून सांगते, की छटा असलेलं सनस्क्रीन हेच तुमचं पहिलं फाउंडेशन. कॉलेजसाठी त्याच्यावर काही लागत नाही.

त्यानंतर एका वेळी एकच वस्तू. हा नियम मोडला की सगळी मेहनत वाया जाते, कारण दोन गोष्टी एकत्र सुरू केल्या तर कुठली उलटली ते कधीच कळत नाही. नवीन वस्तू चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत सकाळ-संध्याकाळ लावायची, सात ते दहा दिवस, तिथेच. मनगटावर एकदा लावून पाच मिनिटांत "काही नाही झालं" म्हणण्याला टेस्ट म्हणत नाहीत. ॲलर्जीला दोन-तीन दिवस लागतात हे वर आलंच आहे. फेसवॉश, शाम्पू अशा धुवायच्या वस्तूंना ही पद्धत चालत नाही, त्या अंगावर ठेवल्या तर कुणालाही झोंबतील. कोपराला काही झालं नाही तर मग जबड्याच्या कडेला दोन दिवस, आणि मग चेहरा.

क्रम मी असा सांगेन: पहिल्यांदा भुवयांची पेन्सिल आणि साधी लिपस्टिक, मग कॉम्पॅक्ट पावडर, मग पावडरचा ब्लश, मग डोळ्यांची काळी पेन्सिल. शेवटी, हवंच असेल तर, लिक्विड फाउंडेशन. पावडरमध्ये पाणी नसतं, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह कमी लागतं आणि झोंबण्याची शक्यताही कमी. वॉटरप्रूफ वस्तू सुरुवातीला टाळा. त्या लावताना नाही तर काढताना कातडी सोलवटतात. सेटिंग स्प्रे आणि मॅट प्रायमर मी नाजूक चेहऱ्याला लावतच नाही. स्प्रेमध्ये बहुधा अल्कोहोल असतं, आणि चेहऱ्यावर वाऱ्याने वाळताना ते बारीक भेगांत घुसतं.

मेकअप काढायला वेट वाइप्स वापरत असाल तर ते थांबवा. मायसेलर पाण्याने काढला तरी नंतर चेहरा धुवा, "धुवायची गरज नाही" असं बाटलीवर लिहिलेलं असलं तरी. डोळ्यांभोवती पेट्रोलियम जेली पुरते. खोबरेल तेलाने मेकअप निघतो, पण दाणे येणाऱ्या चेहऱ्याला ते नको.

दुकानात उभं राहून काय वाचायचं

अक्षरं इतकी बारीक असतात की डोळ्यांनी वाचता येत नाहीत. फोटो काढा, बोटांनी मोठा करा. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. फ्रेग्रन्स किंवा परफ्यूम हा शब्द दिसला की डबा खाली ठेवा. "अनसेंटेड" लिहिलेलं असलं तरी वाचाच, कारण मूळ वास दाबायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. नंतर मिथाइलआयसोथायाझोलिनोन, डीएमडीएम हायडॅन्टॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, क्वाटर्नियम-15 ही नावं शोधा. ही प्रिझर्व्हेटिव्हं आहेत, पुष्कळांना चालतात, पण नाजूक त्वचेला ॲलर्जी करणाऱ्यांत ती वरच्या रांगेत आहेत. लॅनोलिन, म्हणजे लोकरीतलं मेण, हेही काहींना उलटतं; ओठांच्या बाममध्ये ते नाही ना बघा. "हायपोॲलर्जेनिक", "डर्मा टेस्टेड" हे शब्द वाचून हुरळून जाऊ नका, यादीच खरी.

उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात 6एम, 12एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. मस्कारा तीन महिन्यांत टाकायचा, मग त्यात कितीही उरो. डब्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर घेऊ नका. यात्रेतल्या आणि आठवडी बाजारातल्या गाड्यावर नामांकित लिपस्टिक शंभरला दोन मिळते ती का, याचा विचार करा. काजळ आणि लिपस्टिक मैत्रिणीत फिरवायची नाही, बहिणीतसुद्धा.

लग्न तोंडावर आलंय

एप्रिल-मेतलं लग्न, मंडपाखाली उकाडा, आणि नवरीला आदल्या दिवशी हळद. हळदीचीही ॲलर्जी असते. कमी जणींना, पण असते. चेहऱ्याला हळद लागली की आधी तेलाचा हात फिरवून मग धुवायची, घासायची नाही. आधीच चिडलेला चेहरा असेल तर पाहुण्यांना सरळ सांगा, हातापायाला लावा, चेहऱ्याला बोटभर शकुनापुरती. आजी-मावशी ऐकतात, फक्त कुणीतरी आधी बोलायला हवं.

ब्लीच, वॅक्स, थ्रेडिंग, फेशियल जे काही करायचं ते लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी, आणि जे आजवर कधीच केलं नाही ते मुळीच नाही. ट्रायल मेकअप निदान आठवडाभर आधी, म्हणजे तीन दिवसांनी उठणारं पुरळ तेव्हाच उठून जाईल. ट्रायलला जे लावलं तेच लग्नात, यादी लिहून घ्या. पार्लरवालीला आधी सांगा की त्वचा नाजूक आहे; ब्रश तुमचे स्वतःचे न्या, त्यात कुणी वाईट वाटून घेऊ नये.

मेंदीच्या बाबतीत एकच सांगते, पण कळकळीने. काळी मेंदी, तासाभरात गडद रंगणारे कोन हातावर घेऊ नका. त्यात पीपीडी हे केसांच्या रंगातलं रसायन मिसळलेलं असू शकतं. हातावर फोड येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे अंग कायमचं उलटतं. पुढे पांढरे केस रंगवायची वेळ येते तेव्हा सगळं डोकं, डोळे सुजतात. खरी मेंदी पहिल्या दिवशी केशरीच असते, दुसऱ्या दिवशी चढते.

एवढं करून परत झालं तर

तर आता पॅच टेस्ट करून घ्यायची वेळ आली. संशयित घटकांच्या पट्ट्या पाठीवर 48 तास ठेवतात, काढून बघतात, आणि साधारण चौथ्या दिवशी परत बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम गाळायचा नाही, म्हणून शक्यतो मे महिन्यात करू नका, हिवाळ्यात करा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत. तिथल्या ओपीडीत पॅच टेस्टबद्दल विचारा. एकाच चकरेत होत नाही, दोन-तीनदा यावं लागतं, तेव्हा राहायची सोय किंवा एसटीची वेळ आधी बघून ठेवा.

जाताना वापरातल्या सगळ्या वस्तू पिशवीत घालून न्या: मेकअप, साबण, शाम्पू, तेल, टिकलीचं पाकीट, नेलपॉलिश, केसांच्या रंगाचं रिकामं खोकं, आणि ती फ्रिजच्या दारातली ट्यूबसुद्धा. लाजून काही मागे ठेवू नका. सोबत मोबाईलमधले फोटो आणि तारखा. पाठीवर स्टेरॉइडचं मलम लावत असाल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगा, कारण त्याने टेस्ट चुकीची येते. टेस्टमध्ये जो घटक निघेल त्याचं नाव डॉक्टरकडून कागदावर ठळक अक्षरांत लिहून घ्या आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. दुकानात यादी वाचताना तोच समोर धरायचा.